रेल्वेच्या का?

जुन्नर तालुक्यात रेल्वे नाही. शेजारच्या आंबेगावातही नाही. बाकी सगळं आहे. शिवनेरी आहे, अष्टविनायकांतले दोन गणपती आहेत, धरणं आहेत, द्राक्षं, टोमॅटो, कांदा आणि ऊस आहे, उसात बिबटे आहेत, पाडव्याच्या सुमारास नारायणगावात तमाशाच्या फडांच्या राहुट्याही लागतात. आगगाडीची शिट्टी मात्र ऐकायची तर तळेगाव-कामशेतकडे जायचं, नाहीतर माळशेज उतरून कल्याण गाठायचं. लग्न ठरवताना मुलीकडची माणसं पत्रिका बघतात, बागायत किती ते विचारतात, मुलगा सुपारी खातो का याचीही आडून चौकशी करतात. स्टेशन किती लांब, हे कुणी विचारत नाही. माझ्या वडिलांनी तरी विचारायला हवं होतं. ते रेल्वेत गार्ड होते.

मी कल्याणच्या रेल्वे कॉलनीत वाढले. कल्याणला रूळ फुटतात. एक फाटा कसाऱ्याकडून थळ घाट चढून नाशिकला जातो, दुसरा कर्जतकडून बोर घाट चढून पुण्याला. पहिली गाडी १८५३ साली ठाण्याला पोचली आणि पुढच्याच वर्षी कल्याणला, त्यामुळे आमच्या कॉलनीत ठाणेकरांना फार भाव मिळत नसे. वर्षभर आधी गाडी बघितली यात कसलं मोठेपण! गाडी आली म्हणून कुणी खिडकीत जायचं नाही. उलट ठरल्या वेळी गाडी आली नाही, तर आई पोळ्या लाटायची थांबून कानोसा घ्यायची.

वडिलांची ती काळी लोखंडी पेटी, हिरवा-लाल झेंडा, शिट्टी. आता गार्ड हे पदच राहिलेलं नाही. २०२२ पासून त्यांना ट्रेन मॅनेजर म्हणतात. वडील त्याआधीच निवृत्त झाले ते बरंच झालं. आपला नवरा मॅनेजर आहे हे आईने शेवटपर्यंत मान्य केलं नसतं.

गार्डच्या मुलीला एक खोड लागते. गाडी येताना सगळे इंजिनाकडे बघतात, तिचं लक्ष शेवटच्या डब्याकडे असतं. त्या डब्याच्या पाठीवर मोठी पिवळी फुली रंगवलेली असते, शेजारी ‘एलव्ही’ अशी छोटी पाटी लटकते, रात्री लाल दिवा लागतो. ही सजावट नव्हे. गाडी स्टेशनातून पुढे गेली की तिथल्या माणसाने ती फुली बघायची असते. फुली दिसली म्हणजे गाडी पूर्ण गेली. नाही दिसली तर मधेच जोडणी तुटून काही डबे मागे रुळावर उभे आहेत असं समजायचं, आणि मागच्या गाडीला सोडायचं नाही. वडील सांगायचे, “इंजिन दिसलं म्हणजे गाडी आली एवढंच कळतं. गेली की नाही, ते मागून कळतं.”

म्हणून मी गाड्यांचे फोटो मागून काढते. खंडाळ्याच्या घाटात तासन्‌तास बसणाऱ्या पोरांच्यात मी जाऊन बसते तेव्हा त्यांना याची फार गंमत वाटते. ही पोरं स्वतःला रेलफॅन म्हणवतात. कुठल्या गाडीला कुठल्या शेडचं इंजिन लागतं हे त्यांना तोंडपाठ असतं, आणि एखाद्या दिवशी भलत्याच शेडचं इंजिन लागलं की तो ‘ऑफलिंक’ झाला. मग दिवसभर दुसरा विषय नाही. उजेड पाठीशी हवा, खांब इंजिनाच्या तोंडावर येता कामा नये, गाडी पूर्ण फ्रेममध्ये हवी, असे त्यांचे कडक नियम आहेत. बोर घाटाची चढण सदतिसास एक. म्हणजे सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. त्यामुळे कर्जतला गाडीला मागून जादा इंजिनं लागतात आणि ती ढकलत ढकलत गाडी लोणावळ्यापर्यंत पोचवतात. इथे माझी चंगळ होते. बोर घाट चढणाऱ्या गाडीचा मागून फोटो काढला तरी त्यात इंजिनं येतात, आणि पोरं नाइलाजाने म्हणतात, “काकू, तुमचा पण चांगला आलाय.”

त्यांचा सण १ जूनला. १९३० साली त्या तारखेला डेक्कन क्वीन सुरू झाली, म्हणून पुणे स्टेशनवर दरवर्षी केक कापतात. २०२२ मध्ये गाडीला नवे डबे आणि नवा रंग आला, तेव्हापासून या मंडळींत दोन तट आहेत. मला तारखेचीच मौज वाटते. आपल्या एसटीची पहिली गाडी पुणे-नगर धावली तीही १ जूनलाच, १९४८ साली. आणि माझे सासरे, त्यांचे दोघे भाऊ, समोरचे पाटील, दूध डेअरीचे जुने चेअरमन, या सगळ्यांचे वाढदिवसही १ जूनलाच असतात, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी सगळ्यांना तीच तारीख दिली. अर्धा महाराष्ट्र कागदोपत्री डेक्कन क्वीनबरोबर जन्मला आहे. केक मात्र एकटी तीच कापते.

पण घाटात जाणं रोजचं नव्हे. शाळा, घर, सासूबाईंची औषधं, टोमॅटोचे तोडे. छंद भागवायचा तर जुन्नरातच काहीतरी हवं होतं, आणि इथे हलणारं काही मिळेना, म्हणून मी थांबलेल्या वस्तूंकडे वळले. मैलाचे दगड. पत्रा गंजलेले एसटीचे निवारे. रंग उडालेल्या भिंतीवरच्या जाहिराती. ‘एसटीडी, आयएसडी, पीसीओ’ असं पिवळ्यावर काळ्याने लिहिलेली पाटी, जिच्या खाली आता कोंबड्या बसतात. जकात उठली तरी बसथांब्याच्या नावात जिवंत राहिलेला जकात नाका. नवऱ्याची मोटरसायकल, मागे मी, गळ्यात कॅमेरा. तो गाडी थांबवतो, झाडाखाली उभा राहून फोनवर बाजारभाव बघतो, आणि आपण या बाईबरोबर नाही असा चेहरा करतो.

या छंदाला आमच्या भागात एक अडचण आहे, आणि ती रेल्वेचीच आहे.

पुण्याहून नाशिकला आज रेल्वेने जायचं तर सरळ वाट नाही. बोर घाट उतरायचा, कल्याणला वळसा घालायचा आणि थळ घाट चढायचा. नाहीतर दौंड-मनमाडची प्रदक्षिणा. म्हणून पुणे-नाशिक सेमी हायस्पीड रेल्वे ठरली. सुमारे २३५ किलोमीटर, ताशी २०० चा वेग, दोन तासांच्या आत नाशिक, आणि वाटेत चक्क नारायणगाव! मोजण्या झाल्या, काही ठिकाणी जमिनींची खरेदीखतंही झाली. या काळात रस्त्याकडेला उभं राहून दगडाचा फोटो काढणारी बाई कोण असणार, हे कुणाला सांगायची गरजच नव्हती. मी कॅमेरा डोळ्याला लावायचा अवकाश, बांधावरून हाक यायची.

“रेल्वेच्या का?”

सुरुवातीला मी नाही म्हणायचे. त्याचा उपयोग होत नसे. “नाही कशा? दगडाचा फोटो काढताय की.” मैलाच्या दगडाचा फोटो सरकारी काम असल्याशिवाय कोण काढेल, या प्रश्नाला माझ्याकडे पटेल असं उत्तर नव्हतं. छंद आहे म्हटलं की समोरचा माणूस नवऱ्याकडे बघायचा आणि नवरा बाजारभावाकडे. मग मी खरं तेच सांगू लागले: वडील रेल्वेत होते. हे सगळ्यांत वाईट. ‘वडिलांपासून आतल्या गोटातल्या आहेत’ असं ठरायचं आणि चहा यायचा. चहाबरोबर गट नंबर यायचा. आमच्या गटातून जाते का? विहिरीवरून जाते की विहिरीच्या अलीकडून? आंब्याचं झाड कितीला धरतात? कुणाला ती शेतातून जायला नको होती, कुणाला शेजाऱ्याच्या शेतातून जायला हवी होती, आणि क्वचित एखाद्याला ती आपल्याच शेतातून जावी असं वाटे, पण जी पट्टी खडकाळ आहे तेवढ्यातूनच.

ती कुठूनच गेली नाही. आडवी आली खोडदची दुर्बीण. नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटी आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, त्यातल्या चौदा मध्यभागी एकत्र आणि उरलेल्या इंग्रजी ‘वाय’च्या आकारात लांबवर पसरलेल्या. डॉ. गोविंद स्वरूप यांनी ही जागा निवडली त्यामागचं एक कारण म्हणजे इथे रेडिओचा गोंगाट कमी होता. लांबच्या आकाशगंगांतल्या हायड्रोजनची कुजबुज ऐकायची तर आसपास ठिणगी पडलेली चालत नाही, आणि विजेच्या इंजिनाचा पँटोग्राफ वरच्या तारेवर घासत जातो तेव्हा तो ठिणग्याच पाडत जातो. इथे शांतता म्हणून दुर्बीण आली आणि दुर्बीण आली म्हणून रेल्वे अडली. २०२५ मध्ये रेल्वेमंत्र्यांनी सांगितलं की हा मार्ग जमणार नाही; मग नगर-शिर्डीकडून वळसा घालण्याचं बोलणं सुरू झालं, आणि इकडून मूळ मार्गच हवा म्हणून मागणी. बांधावरचा प्रश्न एका रात्रीत बदलला. काल जो माणूस ‘आमच्यातून नेऊ नका’ म्हणत होता तो आज म्हणतो, “मॅडम, तेवढी शिर्डीला जाऊ देऊ नका.” माझ्या हातात असतं तर मी ती अंगणातून नेली असती.

गंमत म्हणजे दुर्बीण मला मनापासून आवडते. विज्ञान दिनाला खोडदला सगळ्यांना आत सोडतात, तेव्हा मी शाळेची मुलं घेऊन जाते. तिथे मोबाइल बंद ठेवायचा असतो. मुलं तबकडीखाली उभी राहून वर बघतात आणि हटकून एकजण विचारतो, “बाई, यात क्रिकेट दिसतं का?”

रेल्वे गेल्यावर रस्ता उरला. रस्त्यावरच्या गोष्टींचा मोठा दोष असा, की त्यांना वेळापत्रक नसतं. गाडी पाच दहाला सुटणार, लोणावळ्याला अमुक वाजता येणार, म्हणजे आपण तिथे पावणेसातला जाऊन बसलो की झालं. भिंतीवरची जाहिरात कधी सुटणार ते कुठे लिहिलेलं नसतं. ती तिथे आहे, उद्याही असणार, असं धरून माणसं वर्षानुवर्षं पुढून जातात, आणि मग एके दिवशी भिंतीला गुलाबी ऑइलपेंट. बोर घाटातला अमृतांजन पूल १८३० चा. मूळ नाव कुणालाही आठवत नाही; डोकेदुखीच्या मलमाची जाहिरात त्याच्यावर लागली आणि पुलाला तेच नाव चिकटलं. लाखो माणसं खालून गेली. २०२० च्या एप्रिलमध्ये लॉकडाऊनमुळे द्रुतगती मार्ग ओस पडला होता, तेव्हा सुरुंग लावून पूल पाडला. आता घाटातली पोरं एकमेकांना विचारत असतात, “तुझ्याकडे आहे का रे?” गाड्यांचे हजारो फोटो, आणि पूल कुणाच्या तरी फोटोत चुकून कोपऱ्यात आलेला.

मैलाच्या दगडांचं तर विचारू नका. राष्ट्रीय महामार्गाच्या दगडाचं डोकं पिवळं, राज्य मार्गाचं हिरवं, खेड्यात जाणाऱ्या नव्या रस्त्यांचं नारिंगी. २०१० मध्ये महामार्गांचे क्रमांक बदलले. आमचा पुणे-नाशिक ५० चा ६० झाला, आणि कल्याणहून माळशेजने येऊन नगरकडे जाणारा २२२ चा ६१. दोन्ही रस्ते आळेफाट्याला एकमेकांना छेदतात, त्यामुळे आमच्या तालुक्यात दोन्हीकडचे जुने आकडे सापडतात: पिवळ्या रंगाचा पोपडा उडाला की खालून ‘५०’ डोकावतो. रुंदीकरणात बहुतेक दगड गेले. जे राहिले ते बाह्यवळणामुळे. गाड्या बाहेरून जाऊ लागल्या की आतल्या जुन्या रस्त्याकडे रंगाचा डबा घेऊन कोणी फिरकत नाही, आणि न फिरकण्याइतकी जपणूक दुसऱ्या कशानेच होत नाही. खेडचा जुना घाट, नारायणगावातून जाणारा जुना रस्ता, तिथे मला घबाड मिळतं. सरकारी संवर्धनाच्या पाट्या लागतात त्या जागांपेक्षा या दुर्लक्षित जागा फोटोला कितीतरी बऱ्या, असं माझं मत आहे. पुरातत्त्ववाल्यांनी राग मानू नये.

सगळं जुनं चांगलंच असतं असं नाही. फ्लेक्सचा मला तिटकारा आहे. पण उन्हात वर्षभर राहिलेला वाढदिवसाचा फ्लेक्स कधी निरखून बघा. लाल आणि पिवळा रंग आधी उडतो, निळा टिकतो. त्यामुळे सर्व पक्षांचे सर्व नेते शेवटी एकाच निळ्या रंगाचे होतात. त्याचा मी वेगळा अल्बम केला आहे. तो मी कुणाला दाखवत नाही, निवडणुका कायम जवळच असतात.

एका भिंतीच्या शोधात मात्र मी अजून आहे. माझ्या पिढीच्या सगळ्यांना ती आठवते: देवीचा रोगी कळवा आणि हजार रुपये मिळवा. गावोगावी शाळेच्या, चावडीच्या, देवळाच्या भिंतीवर हे ठळक अक्षरांत असायचं. १९७७ मध्ये देश देवीमुक्त झाल्याचं जाहीर झालं. रोग गेला, बक्षीस गेलं आणि भिंतीवरची अक्षरं पुढे कितीतरी वर्षं रोग्याची वाट बघत राहिली. वडिलांच्या भाषेत ही त्या रोगाची फुली. ती दिसली म्हणजे तो पूर्ण गेला, मधे कुठे डबा उभा नाही. मी दगड आणि पाट्या का टिपते, हे मला ज्या भाषेत सांगता येतं ती एवढीच. शेजारणीला ती कळत नाही. ती म्हणते, “यापेक्षा लेण्याद्रीला जा, चार पायऱ्या तरी चढून होतील.”

लेण्याद्रीला मी जातेच. अष्टविनायकांत डोंगरावर बसलेला हा एकटाच, आणि बौद्ध लेण्यात राहायला आलेलाही एकटाच. विहारातल्या भिक्षूंच्या खोल्यांमधली जागा घेऊन गिरिजात्मज बसला आहे, खाली पुरातत्त्व खात्याचं तिकीट फाडून वर दर्शन. ज्यांना पायऱ्या होत नाहीत त्यांना डोलीवाले नेतात. माकडं आहेत, त्यांचा प्रसादाच्या पिशवीवर पहिला हक्क आणि लेन्सच्या झाकणावर दुसरा. लोक गणपतीचं दर्शन घेतात, कठड्याशी उभं राहून कुकडीच्या खोऱ्याचा आणि समोरच्या शिवनेरीचा फोटो काढतात आणि उतरतात. शेजारच्या चैत्यगृहात थोडे डोकावतात. तिथे दर्शनी बाजूला एक ब्राह्मी लेख कोरलेला आहे, तो मी पहिल्यांदा भाषांतरातून वाचला तेव्हा मला माहेरचं माणूस भेटलं. हे चैत्यगृह दिलं आहे सुलसदत्ताने, आणि तो कल्याणचा!

कल्याणहून तो आला असणार नाणेघाटानेच. दुसरी सोयीची वाट नव्हती. त्या घाटाच्या माथ्यावर जकातीचा दगडी रांजण आहे, आजही बघायला मिळतो; चाळकवाडीच्या टोलनाक्यावर फास्टॅग न चालणाऱ्याने तिथे एकदा जाऊन यावं, जीव शांत होतो. सुलसदत्ताने जकात भरली असेल, डोंगर चढून आला असेल, आणि घसघशीत दान करून नाव लावून गेला. आमच्याकडे बसथांब्याच्या पत्र्यावर ‘आमदार निधीतून’ लिहितात, पाणपोईवर ‘कैलासवासी अमुक यांच्या स्मरणार्थ’ लिहितात, त्याच घरातली ही जुनी पाटी. जुन्नरच्या डोंगरांत अशा पाट्या खंडीभर आहेत. इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिली आहेत. यवन म्हणजे थेट ग्रीकांकडचा माणूस. पण पाणपोई घालायची इथली सवय त्याला लागली. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या संघाने लेणं आणि टाकं दिलंय. आजच्या बाजार समितीने सभागृह बांधून बाहेर संचालकांची नावं लावावीत, तसंच.

नाणेघाटातल्या लेण्याचा फोटो मात्र काढणं अवघड आहे. भिंतींवर नागनिकेचा मोठा लेख आहे, यज्ञांच्या दक्षिणेचे, गायीघोड्यांचे, नाण्यांचे आकडे त्यात आहेत. साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८२८ साली तो पाहिला. मागच्या भिंतीवर सातवाहन घराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. वर नावं कोरलेली: सिमुक, राणी नागनिका, सातकर्णी, आणखी काही. नावं अजून आहेत. खाली मूर्तींच्या जागी उरल्या आहेत त्या पावलांच्या खुणा. मी कॅमेरा लावते आणि अडते. वर नाव घ्यावं तर खाली पावलं सुटतात, पावलं घ्यावीत तर नाव जातं, आणि दोन्ही घेतलं की मधे कोरी भिंत येते. रेलफॅन पोरांना दाखवला तर म्हणतील, “काकू, यात सब्जेक्टच नाही.” खरं आहे. राजा पुढे गेला.

आंबेगावकडे तर आख्खं गावच गेलं. तालुक्याचं नाव आंबेगाव, कचेरी घोडेगावला, बाजार मंचरला, आणि ज्या आंबेगावामुळे तालुक्याला नाव मिळालं ते डिंभे धरणाच्या पाण्याखाली. जलाशयाला नाव हुतात्मा बाबू गेनूंचं, महाळुंगे पडवळचे ते, विदेशी कापडाच्या ट्रकपुढे १९३० साली मुंबईत आडवे झाले. उन्हाळा कडक झाला आणि पाणी उतरलं की जुन्या गावाचे अवशेष वर येतात. हा सगळा प्रकार मला फार विलक्षण वाटतो: तालुक्याच्या प्रत्येक सातबाऱ्यावर, दाखल्यावर, एसटीच्या पासावर एका बुडालेल्या गावाचं नाव रोज छापलं जातं आणि कुणाला काही वाटत नाही. तिथे गेले की नवरा मोटरसायकलवरून उतरतो, बाजारभाव बघत नाही. त्याच्या आत्याचं घर तिकडचं होतं. कुठे ते विचारलं की पाण्याकडे हात करतो, आणि दर वेळी थोडा वेगळीकडे करतो.

फोटोग्राफीच्या पुस्तकांत लिहितात की सूर्य मावळण्याआधीचा तासभर सर्वांत सुंदर उजेडाचा. त्यांनी जुन्नरला येऊन बघावं. इथे त्याच वेळी वनखात्याच्या ‘बिबट्याचा वावर आहे’ या पाटीवर सोनेरी ऊन पडतं आणि माणसं लेकरांना घरात बोलावतात. हा विनोद नाही; ज्या घरांनी माणसं गमावली त्यांच्यापुढे तो करूही नये. मी तिन्हीसांजेआधी घरी असते. माझ्या फोटोंतला उजेड त्यामुळे सगळा अकराच्या उन्हाचा, भगभगीत, आणि तो मला आता आवडायला लागला आहे. मैलाचा दगड अकराच्या उन्हात जसा दिसतो तसाच तो आयुष्यभर उभा होता.

गेल्या महिन्यात जुन्या रस्त्याला वडाखाली एक दगड सापडला. अर्धा मातीत गेलेला, वर चुना, चुन्याखाली पिवळा, त्याच्याही खाली खोदलेली अक्षरं. मी ओढणीने पुसत होते, तेवढ्यात बांधावरून एक म्हातारबाबा आले. टोपी, हातात विळा.

“रेल्वेच्या का?”

“रेल्वेची मुलगी आहे, बाबा. रेल्वेची नाही.”

“म्हणजे सासर दुसरीकडं दिलंय,” ते म्हणाले आणि त्यांच्यापुरता तो विषय संपला. मग दगडाकडे बघून म्हणाले, “हा आमच्या आज्याच्या वेळचा. नीट काढा. नंबर दिसला पाह्यजे.” दगडाभोवतीचं गवत त्यांनी स्वतः विळ्याने कापून दिलं. फोटो काढून झाल्यावर नातवाच्या मोबाइलवर पाठवायला सांगितला. मी तिथल्या तिथे पाठवला. घरी पोचेपर्यंत नातवाचा फोन.

“मॅडम, आजोबा विचारतात, फोटो चांगला आलाय, तर आमच्या विहिरीचा पण काढाल का? उद्या रेल्वे परत इकडून न्यायची ठरली तर मोबदल्याला पुरावा लागेल. पाइपलाइनचा, आंब्यांचा पण. एकेक झाड वेगळं काढा म्हणतात.”

मी हो म्हटलं. रेल्वेच्या नावाने जुन्नरात कुणाला माझ्या कॅमेऱ्याचा उपयोग होतोय, आणखी काय हवं? पलीकडे आजोबांचा आवाज येत होता, नातू तो पुढे सांगत होता. रविवारी सकाळी लवकर या, दुपारी लाइट नसते. मोटर बंद असली तर विहीर चालू आहे हे फोटोत दिसणार नाही. आणि येताना रेल्वेचं ओळखपत्र घेऊन या, वडिलांचं असलं तरी चालेल, भावकी विचारते.